ट्रॅपमधला आयन सरकतो, तापतो, निसटतो: इलेक्ट्रोडचा दोष कुठून शोधत जावा

पृष्ठभागावर कोरलेल्या सपाट इलेक्ट्रोडचे आयन ट्रॅप, म्हणजे निर्वातात विद्युतक्षेत्राने आयन धरून ठेवणाऱ्या चिप, चालवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. म्हणजे फ्यूज्ड सिलिका किंवा सफायरवर काही मायक्रोमीटर जाडीचं सोनं, त्यात पाच ते दहा मायक्रोमीटरच्या फटी, आणि वर पन्नास-शंभर मायक्रोमीटरवर तरंगणारा आयन. यातलं बरंचसं जुन्या चार दांड्यांच्या पॉल ट्रॅपलाही (तोही आरएफ, म्हणजे रेडिओ-वारंवारतेच्या व्होल्टेजनेच आयन धरतो) लागू पडतं. हा दोष मी वेगवेगळ्या चिपवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. तो दर वेळी ‘इलेक्ट्रोड खराब झाला’ याच नावाने समोर येतो, पण त्यामागचं कारण दर वेळी वेगळं निघतं.

लक्षणं

- कूलिंग लेझर चालू असताना आयन तासन्‌तास टिकतो, पण शटर बंद करून अंधारात ठेवला की काही सेकंदांत नाहीसा होतो.
- मायक्रोमोशन, म्हणजे आरएफच्या तालावर होणारी आयनची थरथर, घालवण्यासाठी लावलेली भरपाईची व्होल्टेज सकाळी एक असतात, संध्याकाळी दुसरी. नवा आयन भरल्यावर तर ती एकदम उडी मारतात.
- आयन तापण्याचा दर, म्हणजे दर सेकंदाला गतीचे किती क्वांटम वाढतात तो आकडा, पूर्वीपेक्षा बराच चढलेला असतो.
- आरएफची परावर्तित शक्ती वाढलेली असते, किंवा रेझोनेटरची वारंवारता सरकलेली असते.
- एखाद्या डीसी इलेक्ट्रोडचं व्होल्टेज कितीही बदललं तरी कॅमेऱ्यावर आयन हलत नाही.
- आयनांच्या साखळीत एक जागा काळी दिसते. आयन तिथे आहे, शेजाऱ्यांना ढकलून धरतो आहे, पण चमकत नाही.

शेवटचं लक्षण आधीच बाजूला काढतो, कारण त्याचा इलेक्ट्रोडशी बहुधा संबंध नसतो. कॅल्शियमचा आयन चेंबरमधल्या उरलेल्या वायूशी संयोग पावून रेणू-आयन झाला की तो लेझरला प्रतिसाद देत नाही. हे वारंवार होत असेल तर व्हॅक्यूम तपासा. बाकीची पाच लक्षणं खालच्या क्रमाने तपासायची.

हा क्रम ‘बाहेरून आत’ असा आहे. चेंबर उघडणं ही सर्वांत महाग तपासणी आहे, ती शेवटी. एकदा उघडलं की पुन्हा १५० ते २०० अंश सेल्सियसला कित्येक दिवस बेकआउट, म्हणजे तापवून आतला वायू काढणं, आलं. शिवाय हवा लागून आणि बेकआउटमध्ये इलेक्ट्रोडवर कार्बनचे नवे थर बसतात, आणि आयन तापवण्यात याच थरांचा मोठा वाटा असल्याचं दिसलेलं आहे. चेंबर उघडून बघू म्हणत उघडलेला ट्रॅप कित्येकदा आधीपेक्षा वाईट होऊन बंद होतो.

पहिली तपासणी: मल्टिमीटर

फीडथ्रूवरच्या (चेंबरच्या भिंतीतून तारा आत नेणाऱ्या जोडावरच्या) केबल काढा आणि प्रत्येक डीसी इलेक्ट्रोडची जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी, असलेली धारिता (कपॅसिटन्स) मोजा. फिल्टरचा कपॅसिटर चेंबरच्या आत असेल तर त्याची किंमत, साधारण एक नॅनोफॅरडच्या आसपास, दिसायला हवी. फक्त तारेची काही पिकोफॅरड दिसली तर कपॅसिटरच्या अलीकडेच जोड तुटला आहे. मग शेजारच्या दोन-दोन इलेक्ट्रोडमधला रोध मोजा. तो मल्टिमीटरच्या पट्टीबाहेर जायला हवा. काही किलोओहम किंवा मेगाओहम दिसत असेल तर फटीत काहीतरी अडकलं आहे: धातूचा कण, मुलामा देताना सुटलेला धागा, किंवा ओव्हनमधून (आयन बनवण्यासाठी धातू तापवून अणू सोडणाऱ्या भट्टीतून) आलेल्या अणूंचा थर.

इथे एक सापळा आहे. धारिता बरोबर आली म्हणजे जोड कपॅसिटरपर्यंत शाबूत आहे, एवढंच सिद्ध होतं. कपॅसिटरपासून चिपपर्यंतची पंचवीस मायक्रोमीटरची वायरबाँड, म्हणजे चिपला जोडणारी बारीक तार, तुटली असेल तर ते मल्टिमीटरला कळणार नाही. ते फक्त आयनच सांगू शकतो. त्या इलेक्ट्रोडला थोडं व्होल्टेज द्या आणि आयन किती सरकला ते सिम्युलेशनच्या आकड्याशी ताडून पाहा. सरकलाच नाही तर बाँड गेला. निम्माच सरकला किंवा तासाभरात हळूहळू सरकत राहिला, तर तो इलेक्ट्रोड तरंगता झाला आहे आणि त्यावर भार साचतो आहे.

वीजदुरुस्तीवाले वापरतात तो पाचशे व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर या चिपला कधीही लावू नका. पाच मायक्रोमीटरच्या फटीसाठी ते व्होल्टेज प्राणघातक आहे. चांगली चिप त्या एका बटणाने मरते.

दुसरी: डीसी पुरवठ्याचा गोंगाट

आयन तापतोय म्हटल्यावर लोक थेट सोन्याच्या पृष्ठभागावर बोट ठेवतात. आधी बॅटरी लावून बघा. ज्या इलेक्ट्रोडचा आयनच्या अक्षीय गतीवर सर्वांत जास्त परिणाम होतो, त्यांचा वीजपुरवठा काढून तेवढ्याच व्होल्टेजच्या बॅटऱ्या जोडा आणि तापण्याचा दर पुन्हा मोजा. दर पडला तर दोष पुरवठ्यात, फिल्टरमध्ये किंवा दोन ठिकाणी जमिनीला जोडल्यामुळे तयार झालेल्या फेऱ्यात आहे. तो खोलीतच सुटतो, चेंबरला हात लावावा लागत नाही.

दुसरी युक्ती याहून स्वस्त आहे. ट्रॅपची वारंवारता बदलत जा, समजा ७०० किलोहर्ट्‌झपासून दीड मेगाहर्ट्‌झपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी तापण्याचा दर नोंदवा. पृष्ठभागातून येणाऱ्या गोंगाटाची घनता साधारण वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात उतरते. तापण्याच्या सूत्रात छेदात आणखी एकदा वारंवारता येते, म्हणून दर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, सलग उतरताना दिसतो. इलेक्ट्रॉनिक्समधला गोंगाट असा सभ्य नसतो. त्याचे उंचवटे येतात: एखाद्या स्विचिंग पुरवठ्याचा, एखाद्या डिजिटल कन्व्हर्टरच्या घड्याळाचा. आलेखावर शिखर दिसलं की पृष्ठभागाचा विचार सोडा आणि त्या वारंवारतेचा उगम शोधा.

तिसरी: आरएफ

सपाट ट्रॅपला बहुधा वीस ते शंभर मेगाहर्ट्‌झवर पन्नास ते तीनशे व्होल्टपर्यंतचा आरएफ लागतो. रेझोनेटर, बहुधा हेलिकल, तो वाढवून देतो. अनुनादाची वारंवारता सरकली असेल तर धारिता बदलली आहे. वारंवारता वर गेली तर कमी धारिता जोडलेली आहे, म्हणजे बहुधा एखादी आरएफ वायरबाँड सुटली. रेझोनेटरचा गुणवत्ता गुणक, म्हणजे क्यू, पडला असेल तर कुठेतरी शक्ती शोषली जाते आहे. सिलिकॉनचा सबस्ट्रेट असेल आणि त्याच्यावर जमिनीला जोडलेला धातूचा पडदा नसेल, तर ती सिलिकॉनमध्येच जाते. लेझरचा प्रकाश पडला की सिलिकॉनची वाहकता आणखी वाढते आणि अनुनाद प्रकाशाबरोबर हलायला लागतो. लेझर बंद-चालू करून परावर्तित शक्तीकडे बघितलं की हे दोन मिनिटांत कळतं.

स्थिरतेचा मथ्यू गुणांक क्यू (रेझोनेटरच्या क्यूशी याचा संबंध नाही) ०.९०८ च्या खाली असेल तरच आयन स्थिर राहतो. कामात तो बहुधा ०.१ ते ०.४ च्या दरम्यान ठेवतात. आरएफ ढासळल्यामुळे हा आकडा खाली आला असेल तर ट्रॅप उथळ होतो आणि अंधारातलं निसटणं त्यानेच होतं. गतीच्या वारंवारता टिकलिंगने, म्हणजे छोटं दोलायमान व्होल्टेज देऊन आयन कुठे डोलतो ते पाहून, मोजा आणि आरएफचं खरं व्होल्टेज त्यावरून काढा. जनरेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

चौथी: प्रकाश

भरपाई रोज सरकते, या तक्रारीमागे सर्वांत जास्त वेळा मला हेच कारण सापडलेलं आहे, म्हणून यावर थोडा थांबतो.

सोन्याचं कार्यफलन, म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. कॅल्शियम आयनच्या ३९७ नॅनोमीटरच्या कूलिंग लेझरचा फोटॉन ३.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, आणि आयनीकरणासाठी वापरतात त्या ३७५ नॅनोमीटरचा ३.३१ चा. म्हणजे स्वच्छ सोन्यातून यांतला एकही फोटॉन इलेक्ट्रॉन काढू शकत नाही. पण कॅल्शियमचं कार्यफलन फक्त २.९ च्या आसपास आहे. ओव्हन चालवून चालवून सोन्यावर कॅल्शियमचा पातळ थर बसला की तेच लेझर इलेक्ट्रॉन उडवू लागतात. ते इलेक्ट्रॉन फटीतल्या उघड्या काचेवर किंवा खिडकीवर जाऊन बसतात आणि आयनला एक नवं, हळूहळू बदलणारं विद्युतक्षेत्र जाणवतं. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोडमध्ये हा त्रास आणखी होतो, कारण हवेत ठेवल्याबरोबर त्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइड चढतो आणि भार त्यावरच अडकून राहतो.

तपासणी सोपी आहे. आयन भरा, भरपाई नीट लावा. मग निळा लेझर मुद्दाम इलेक्ट्रोडच्या कडेवर काही मिनिटं पाडा आणि भरपाई पुन्हा मोजा. बदलली, आणि प्रकाश काढल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत हळूहळू परत येऊ लागली, तर भार साचतो आहे. मोजमापासाठी फोटॉनच्या आगमनाचा आरएफच्या टप्प्याशी असलेला संबंध वापरा. तो नसेल तर आरएफ कमी करून कॅमेऱ्यावर आयन किती सरकतो तेवढं बघितलं तरी भागतं.

उपायही बाहेरचे आहेत. किरणाची कंबर, म्हणजे त्याच्या सर्वांत बारीक जागेची रुंदी, लहान करा, चिपला समांतर नेताना तो वायरबाँडच्या कमानींना घासत नाही ना ते पाहा, आणि आयनीकरणाचा लेझर भरण्यापुरताच चालू ठेवा.

पाचवी: ओव्हन

चौथ्या तपासणीत दोष सापडला तर त्याचं मूळ बहुधा इथे असतं. ओव्हनचा प्रवाह किती आहे, किती वेळ चालतो, अणूंचा झोत चिपच्या तोंडावरून जातो का, ते पाहा. झोत चिपच्या मागून, सबस्ट्रेटमधल्या खाचेतून आणला तर समोरचं सोनं स्वच्छ राहतं. लेझरने धातूचा तुकडा क्षणभर उडवून आयन भरणं हा दुसरा मार्ग. त्यात एकूण अणू फार कमी सांडतात. शेजारच्या इलेक्ट्रोडमधला रोध महिनोन्‌महिने हळूहळू उतरत असेल तर ओव्हनकडे गांभीर्याने पाहायची वेळ आली आहे. फटीत एकदा जाड थर बसला की तो बाहेरून निघत नाही.

सहावी: खरंच पृष्ठभाग आहे का?

इथवर सगळं साफ निघालं, बॅटरीने फरक पडला नाही आणि आलेख सलग उतरतो आहे, तर आता पृष्ठभागावर संशय घ्यायला हरकत नाही. याला असंगत तापन म्हणतात आणि त्याचं पूर्ण स्पष्टीकरण अजूनही वादात आहे. पण त्याची वागणूक चांगली माहीत आहे. आयन आणि इलेक्ट्रोडमधलं अंतर निम्मं केलं की दर सुमारे सोळा पटींनी वाढतो, कारण तो अंतराच्या साधारण चौथ्या घाताने बदलतो. २००६ मध्ये सुयांसारख्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर बदलत हे थेट मोजलं गेलं, आणि सुया सुमारे १५० केल्व्हिनपर्यंत थंड केल्यावर दर झपाट्याने पडला. २००८ मध्ये एमआयटीमध्ये ६ केल्व्हिनच्या सपाट ट्रॅपमध्ये तो खोलीच्या तापमानापेक्षा कित्येक श्रेणींनी कमी आला.

म्हणून आकडा वाईट आहे की नाही हे ठरवताना अंतर, वारंवारता आणि आयनचं वस्तुमान या तिन्हींसाठी दुरुस्ती करून, विद्युतक्षेत्राच्या गोंगाटाच्या घनतेत बोला. चाळीस मायक्रोमीटरवरचा ट्रॅप शंभर मायक्रोमीटरवरच्या ट्रॅपपेक्षा जास्त तापणारच. तो दोष नव्हे.

पृष्ठभाग खरंच वाईट असेल तर चेंबर न उघडता करता येण्याजोगे उपाय दोन. ऑक्सफर्डमध्ये २०११ मध्ये अतिनील लेझरच्या स्पंदांनी पृष्ठभाग साफ करून दर साधारण निम्म्यावर आणला गेला. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेत २०१२ मध्ये चेंबरमध्येच आर्गॉन आयनांचा मारा करून तो सुमारे शंभर पटींनी उतरवला गेला. दुसरा उपाय फार प्रभावी आहे, पण आर्गॉन गन आधीपासून चेंबरवर बसवलेली असेल तरच. आणि स्पटरिंगमध्ये, म्हणजे माऱ्याने पृष्ठभागाचे अणू उडताना, निघालेलं सोनं कुठेतरी बसणारच: फटीत, काचेवर, खिडकीवर. पृष्ठभाग-विज्ञानात मुरलेल्या माणसाशिवाय हा मारा सुरू करू नका. मात्रा चुकली तर तापन जाईल आणि शॉर्ट येईल.

सातवी: चेंबर उघडणं

आता पर्याय नाही. उघडण्याआधी सर्व मोजमापं लिहून ठेवा: प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध आणि धारिता, अनुनाद, क्यू, भरपाईचा इतिहास. चिप बाहेर आल्यावर हाच एक पुरावा उरतो.

आधी साधा प्रकाशीय सूक्ष्मदर्शक, पूर्ण फिरून, आणि प्रकाश तिरका टाकून. फटीतला कण, उचललेली कडा, जळालेला डाग हे सगळं यात दिसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा वापरायची चिप घालण्याची घाई करू नका. त्याचा शलाका ज्या भागावर फिरतो तिथे हायड्रोकार्बन जमून कार्बनचा थर बसतो, म्हणजे आपण ज्या मळाशी झगडतो आहोत तोच वाढतो. त्याच वेफरवरची जुळी चिप त्यासाठी ठेवलेली असावी. एकदा वायरबाँड झालेल्या चिपला अल्ट्रासॉनिक बाथ नको, तारा तुटतात. ॲसिटोन, मग आयसोप्रोपेनॉल, मग अतिनील-ओझोन एवढी सफाई सोन्याला चालते. चांदीच्या इलेक्ट्रोडवर ओझोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्मा वापरू नका, चांदी ऑक्साइड होते.

दोष चिपच्या जन्मातच असेल तर

कधी कधी नवी कोरी चिपच या लक्षणांनी सुरू होते. कुठे पाहायचं ते थोडक्यात सांगतो. साधी पद्धत अशी: सबस्ट्रेटवर चिकटण्यासाठी दहा-वीस नॅनोमीटर टायटॅनियम, त्यावर सोन्याचा पातळ बीजथर, मग जाड फोटोरेझिस्टचे साचे, त्यात सोन्याचा मुलामा, रेझिस्ट काढणं, आणि शेवटी फटींतला बीजथर खोदून काढणं. एनआयएसटीने २००६ मध्ये मॅग्नेशियमचे आयन अशाच सोन्याच्या सपाट इलेक्ट्रोडवर चाळीस मायक्रोमीटर उंचीवर धरून दाखवले, आणि तेव्हापासून ही पद्धत रुळली.

यात चार जागा नेहमी दगा देतात. टायटॅनियमऐवजी क्रोमियम वापरलं असेल तर तापवल्यावर ते सोन्यातून वर झिरपतं आणि पृष्ठभागावर ऑक्साइड होतं. बीजथर पूर्ण खोदला गेला नसेल तर फटीच्या तळाशी अदृश्य पूल राहतो आणि गळती सुरू होते. टायटॅनियम काढण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरलं आणि वेळ चुकली तर सोन्याखालची काचही खणली जाते, कडा अधांतरी राहते आणि पुढे उचलते. आणि मुलामा फटीच्या रुंदीपेक्षा फार पातळ असेल तर आयनला फटीच्या तळाची उघडी काच दिसते, तिथला भार सोन्याने झाकला जात नाही. सोनं निदान फटीइतकं जाड असावं असं माझं ठाम मत आहे.

तपासणीसाठी प्रत्येक वेफरवर साक्षी तुकडे ठेवा. चिकटपणा बघायला त्यांवर टेप लावून ओढा, कधीही खऱ्या चिपवर नाही. व्होल्टेज सहनशक्ती जुळ्या चिपवर, चांगल्या व्हॅक्यूममध्ये तपासा. हवेत केलेली चाचणी फसवते: सामान्य दाबाच्या हवेत विद्युतभंगाचं सर्वांत कमी व्होल्टेज, सुमारे ३३० व्होल्ट, नेमकं साडेसात मायक्रोमीटरच्या आसपासच्या फटीला येतं, म्हणजे आपल्याच फटींना. चेंबर पंप होत असताना, दाब एक टॉरच्या आसपास असताना, आरएफ लावणं तर मुळीच नको. तिथे सेंटिमीटरभर लांबच्या पिनांमध्येही ठिणगी पडते.

कुठे थांबायचं

हायड्रोफ्लोरिक आम्ल लागणार असेल आणि त्याचं प्रशिक्षण व कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ नसेल, तर तिथेच थांबा. काम क्लीनरूमच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाला द्या. या आम्लाची इजा सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही आणि नंतर हाडापर्यंत जाऊ शकते. सायनाइडच्या मुलाम्याच्या द्रावणालाही हाच नियम. सल्फाइटचं द्रावण तुलनेने सौम्य असतं, पण त्याचं तापमान आणि प्रवाहघनता अनुभवी माणसाच्या हाताखालीच शिकावी.

फटीतला शॉर्ट उच्च प्रवाहाने जाळून मोकळा करायचा मोह होतो. कधी तो मोकळा होतोही, पण वितळलेलं सोनं शेजारी उडतं. एकमेव चिप असेल तर हे करू नका. केंद्रित आयन शलाकेने कापणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. आरएफ रेझोनेटर उघडून त्यात हात घालण्याआधी जनरेटर बंद करून केबल काढलेली हवी. काही वॅट शक्तीही अनुनादावर शेकडो व्होल्ट उभे करते आणि आरएफचा चटका आत खोलवर जातो. आणि व्हॅक्यूमची गळती हेलियम लीक डिटेक्टरनेही सापडत नसेल तर फ्लँज पुन्हा पुन्हा आवळत बसू नका; तांब्याचं गॅस्केट आणि चाकूसारखी धार दोन्ही खराब होतात. तिथे व्हॅक्यूमच्या माणसाला बोलवा, आणि त्याला गळतीचा नव्हे तर पहिल्या दिवसापासूनचा दाबाचा आलेख द्या. गळती आहे की आतलंच काही वायू सोडतंय, हे तो त्या वक्राच्या आकारावरून ओळखतो.